रिग्रेशनची रेघ ओढण्याआधी

रिग्रेशनची रेघ म्हणजे शेअरच्या बंद भावांमधून गणिताने बसवलेली, कल दाखवणारी सरळ रेघ. चार्ट उघडण्यापूर्वी कागदावर दोन गोष्टी लिहून ठेवा: किती कॅण्डल (एका दिवसाच्या किंवा ठरावीक काळाच्या भावाची चार्टवरची खूण) घ्यायच्या आणि मोजणी कुठून सुरू करायची. चार्ट समोर आला की हात आपसूक तळाकडे जातो, आणि तळापासून ओढलेली रेघ चढती दिसणारच. मग डेटा पाहा. भाव स्प्लिट (एका शेअरचे अनेक तुकडे) आणि बोनस (भागधारकांना मोफत शेअर) यांसाठी समायोजित आहेत ना? 1:1 बोनसनंतर भाव एका रात्रीत निम्मा होतो, पण रेघेला ती घसरणच वाटते. या पद्धतीत भाव आणि रेघ यांतल्या प्रत्येक फरकाचा वर्ग केला जातो, त्यामुळे अशी एखादी उडी सगळी रेघ तिरपी करते, मालिकेच्या टोकाला असेल तर जास्तच. मुदत काही वर्षांची असेल तर भावाचा लॉग (लॉगॅरिदम) घ्या. नुसता अक्ष लॉगवर टाकल्याने आतले गणित बदलतेच असे नाही.

आता आर-स्क्वेअर, म्हणजे भावातला किती चढउतार रेघेने समजतो याचे 0 ते 1 मधले माप. इथे घाई नको. 50 कॅण्डलवर 0.08 मिळाला तरी 95 टक्के खात्रीने ट्रेंड आहे, असा कोष्टकातला आकडा सर्रास सांगितला जातो. त्यामागे प्रत्येक निरीक्षण स्वतंत्र असल्याचे गृहीतक आहे, आणि आजचा बंद भाव कालच्या भावाला धरूनच असतो. नेल्सन आणि कांग यांनी 1984 मध्ये दाखवले की कोणताही कल नसलेल्या, निव्वळ यादृच्छिक चालीवर काळाची रेघ बसवली तरी आर-स्क्वेअर सरासरी 0.44 येतो. मी म्हणूनच 0.5 पाहून हुरळत नाही.

उतार टक्क्यांत करून घ्या: 200 च्या भावाला रोज 2 म्हणजे 1 टक्का, 2000 ला तोच उतार नगण्य. चॅनल, म्हणजे रेघेच्या वर-खाली ओढलेल्या समांतर रेघांचा पट्टा, दोन प्रमाण विचलनांचा (भाव रेघेपासून साधारण किती पसरतात त्याच्या दुप्पट) की रॅफ या विश्लेषकाच्या पद्धतीचा, हे आधीच ठरवा. रॅफची रुंदी रेघेपासून सर्वांत लांब गेलेल्या टोकावरून ठरते, म्हणजे एकच वेडी कॅण्डल ती फुगवू शकते.

शेवटी आजच्या रेघेचा स्क्रीनशॉट तारखेसह जपा. नवी कॅण्डल आली की रेघ नव्याने बसते, जुनी मुकाट्याने सरकते, आणि आठवड्याने पाहिले तर भाव चॅनलबाहेर कधी पडलाच नव्हता असे वाटते. बाहेर पडल्याची खूण या गोठवलेल्या रेघेवरच करा.