४००१ की ४००७? व्होल्टेजचा आकडा कसा ठरतो, आपण कसा निवडायचा

पुण्याच्या तपकीर गल्लीत, म्हणजे इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारात, डायोड (करंट एकाच दिशेने जाऊ देणारा भाग) घ्यायला गेलं की काउंटरवर हमखास एखादा डिप्लोमाचा मुलगा विचारत असतो, "काका, ४००१ नसेल तर ४००७ चालेल का?" (१एन४००१ ते १एन४००७ या डायोडच्या मालिकेतले हे नंबर, ४००१ सर्वांत कमी व्होल्टेजचा, ४००७ सर्वांत जास्त.) चालेल. उलटं मात्र चालत नाही. का, ते मी भोसरीच्या एका युनिटमध्ये आलेला माल तपासायचो तेव्हा शिकलो.

२३० व्होल्टवर थेट चालणारा छोटा बोर्ड होता. एकच डायोड, पुढे कपॅसिटर. ४००७ संपले म्हणून मी ४००४ वापरायला सही दिली. मेन्सचं पीक, म्हणजे लाटेचं सर्वांत वरचं टोक, ३२५ व्होल्ट, डायोड ४०० चा, म्हटलं पुरेल. डायोडचं पहिलं रीळ बिनबोभाट चाललं. दुसऱ्या रिळाचे बोर्ड टेस्टिंगच्या टेबलावरच फ्यूज उडवायला लागले.

चूक माझ्या हिशेबात होती. कपॅसिटर ३२५ ला भरून बसलेला असतो आणि उलट्या अर्ध्या सायकलमध्ये मेन्स दुसऱ्या बाजूने ३२५ ला जातो. डायोडवर येतात ६५०.

मग पहिलं रीळ का चाललं? सिलिकॉनच्या कमी डोपिंगच्या (मुद्दाम मिसळलेल्या अशुद्धीच्या) थराची जाडी आणि त्यातलं डोपिंग यावर डायोड किती उलटं व्होल्टेज, म्हणजे तो अडवतो त्या दिशेचं, झेलेल ते ठरतं. थर जाड, डोपिंग हलकं, तर व्होल्टेज जास्त. पण प्रत्येक चिप अगदी सारखी उतरत नाही, म्हणून कारखान्यात उलटं व्होल्टेज देऊन गळती, म्हणजे तरीही निसटणारा करंट, मोजतात. या मालिकेत साध्या तापमानाला, पूर्ण रेटिंगवर, गळती ५ मायक्रोअँपिअरच्या आत हवी. त्यानुसार ५०, १००, २००, ४००, ६००, ८०० आणि १००० असे सात नंबर पडतात. ४०० चा शिक्का असलेला तुकडा प्रत्यक्षात ९०० सुद्धा झेलू शकतो. कंपनीची हमी मात्र ४०० चीच.

निवडताना आधी सर्किट बघा. हाफ वेव्ह (वरच्या बोर्डासारखा एकच डायोड) आणि कपॅसिटर असेल तर पीकच्या दुप्पट. मेन्स १० टक्के चढला तर २५३, पीक ३५८, दुप्पट ७१६. इथे मी ४००७ शिवाय काही लावत नाही. चार डायोडचा ब्रिज असेल तर एकच पीक. १२-०-१२ ट्रान्सफॉर्मरवर दोन डायोड असतील तर प्रत्येकावर ३४ च्या आसपास, आणि लोड नसताना त्याहून जास्त. या मालिकेत किमतीचा फरक नगण्य, त्यामुळे सरसकट ४००७ घेतला तरी बिघडत नाही.

शॉटकी या कमी ड्रॉपच्या (चालू असताना डायोडवर पडणाऱ्या व्होल्टेजच्या) डायोडमध्ये तसं करू नका. ५८१७, ५८१८, ५८१९ म्हणजे २०, ३०, ४० व्होल्ट. १ अँपिअरला त्यांचा ड्रॉप ०.४५, ०.५५, ०.६० पर्यंत जातो. ५ व्होल्टच्या सप्लायमध्ये उगाच ५८१९ लावला तर उष्णता वाढते.

शिक्का आणि प्रत्यक्ष यातला हा फरक डोळ्यांनी बघायचा असेल तर बीसी५४८ हा ट्रान्झिस्टर घ्या, रेटिंग ३० व्होल्ट. बेस मोकळा, कलेक्टरला १०० किलोओहम, आयसोलेटेड आउटपुट असलेले दोन ३० व्होल्टचे सप्लाय सिरीजमध्ये, मीटर कलेक्टर-एमिटरवर. व्होल्टेज हळूहळू चढवा. मीटर एका आकड्यावर अडला की ते त्या तुकड्याचं ब्रेकडाउन. माझ्याकडचे बहुतेक ५० च्या वरच अडले. एकाच पाकिटातले दहा मोजा, आकडे वेगवेगळे येतील. ४००७ वर मात्र हे घरी करू नका, तिथे हजाराच्या वर जावं लागतं.