डोळा शिकतो की हात? बेळगाव-खानापूरच्या शाळा-कॉलेजांत करता येईल अशी चाचणी

निपाणीत विडी वळणाऱ्या बाईला किंवा बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत लेथ चालवणाऱ्या कामगाराला बोटांचा क्रम तोंडी विचारला, तर तो धड सांगता येत नाही. हात मात्र चुकत नाही. असं नकळत शिकणं मोजायची पद्धत मानसशास्त्रज्ञ मेरी जो निसेन आणि पीटर बुलेमर यांनी १९८७ मध्ये मांडली. पडद्यावर चार जागा आणि चार बटणं. खूण दिसेल त्या जागेचं बटण दाबायचं. खुणा ठराविक क्रमाने येतात, पण ते सांगायचं नाही. सरावाने वेग वाढतो, क्रम बदलला की एकदम घटतो. स्मृती गेलेल्या रुग्णांचाही वेग असाच वाढला आणि क्रम असल्याचं त्यांना कळलंही नव्हतं.

मात्र या साध्या मांडणीत डोळ्याचा क्रम आणि हाताचा क्रम एकच असतो. शिकलं कोण, ते कळत नाही. दोघांना वेगळं करायचं तर पुढच्या दोन याद्या घ्या. आकडा म्हणजे पडद्यावरची डावीकडून कितवी जागा.

यादी अ: १ २ १ ३ ४ २ ३ १ ४ ३ २ ४
यादी ब: १ २ ३ ४ १ ३ २ १ ४ २ ४ ३

दोन्हींत प्रत्येक आकडा तीनदा येतो आणि यादी गोल फिरवली की लागोपाठच्या दोन वेगळ्या आकड्यांची प्रत्येक जोडी एकदाच येते. त्यामुळे एखादी जागा जास्त वेळा आली म्हणून वेग वाढला, असं होत नाही. सलग तीन आकड्यांचा एकही तुकडा दोन्हींत सारखा नाही. आणि कामाची गोष्ट ही, की अ यादीत १ आणि ४ यांची अदलाबदल केली की ब यादीच मिळते, फक्त सुरुवात वेगळ्या ठिकाणी होते. वहीत एकदा करून पडताळा.

लॅपटॉपवर सायकोपाय हे असे प्रयोग चालवण्याचं मोफत सॉफ्टवेअर टाका. पडद्यावर चार रिकामे चौकोन एका ओळीत ठेवा, खाली बटणं डी, एफ, जे, के. एफ आणि जे वर उंचवटा असतो, म्हणून बोटं न बघता जागेवर राहतात. एक्सेलच्या फाइलमध्ये १२ ओळी लिहा, एका रकान्यात चौकोन, दुसऱ्यात बरोबर बटण. ही फाइल ८ वेळा फिरवली की ९६ खुणांचा एक फेरा होतो. बटण दाबल्यावर पाव सेकंदाने पुढची खूण यावी. हे अंतर वाढवलं तर मुलांना विचार करायला सवड मिळते आणि क्रम ध्यानात येऊ लागतो. फेरा चालवण्याचा प्रकार ‘सिक्वेन्शियल’ निवडायला विसरू नका. मुळात तो ‘रँडम’ असतो; तसाच राहिला तर क्रमच उरत नाही आणि सगळी मेहनत वाया जाते.

सरावात उलटा नियम द्या: पहिल्या चौकोनाला के, चौथ्याला डी, मधल्या दोघांना त्यांचीच बटणं. अर्ध्या मुलांना चौकोन अ यादीने दाखवा, म्हणजे त्यांचे हात ब यादीने चालतील. उरलेल्यांना बरोबर उलट. असे सहा फेरे घ्या, प्रत्येक फेऱ्यानंतर अर्धा मिनिट विश्रांती. फेरा दर वेळी यादीच्या वेगळ्या ओळीपासून सुरू करा.

मग नियम सरळ करा: जो चौकोन, त्याखालचंच बटण. नव्या नियमाची सवय व्हावी म्हणून २० खुणा कोणत्याही क्रमाने द्या. पुढे एक फेरा अ चा, एक ब चा. कोणता आधी, हे मुलागणिक बदला. अ चे चौकोन पाहिलेला मुलगा अ वर जलद असेल तर डोळ्याने शिकला, ब वर जलद असेल तर हाताने. डॅनियल विलिंगहॅम यांनी १९९९ मध्ये नियम बदलण्याच्या अशाच प्रयोगांतून दाखवलं, की दाबण्याचा क्रम कायम राहिला तरच शिकलेलं टिकतं. नुसता दिसणारा क्रम कायम ठेवून भागत नाही. पुढे हातांची अदलाबदल केली तेव्हा दिसलं, की हे शिक्षण एकेका बोटाला चिकटलेलं नसतं, कोणत्या जागी दाबायचं त्या जागांना चिकटलेलं असतं. म्हणून शिकाऊ कामगाराला नुसतं शेजारी उभं करून बघायला लावणं मला अपुरं वाटतं. डोळ्याचा वाटा शून्य मात्र नाही: १९९६ मध्ये उलरिख मायर यांनी वस्तूंचा क्रम आणि जागांचा क्रम वेगवेगळे ठेवले, तेव्हा हातांना त्या जागांशी काही घेणंदेणं नसूनही लोक जागांचा क्रम शिकले.

आकडेवारी काढताना चुकीचे प्रतिसाद आणि प्रत्येक फेऱ्यातल्या पहिल्या दोन खुणा वगळा, कारण आधीच्या दोन जागा माहीत असल्याशिवाय पुढची ओळखता येत नाही. बटण दाबायला लागलेल्या वेळांची सरासरी घेऊ नका, मध्यक (वेळा चढत्या क्रमाने लावल्यावर मधोमध येणारी वेळ) घ्या; एक शिंक आली तरी सरासरी बिघडते. चुका दहा टक्क्यांवर गेल्या तर मूल घाईत आहे, त्याला सावकाश करायला सांगा.

आपल्या भागात एक अडचण हमखास येते. चौकोनांवर आकडे लिहिले की मुलं पुटपुटतात, कुणी ‘एक-दोन’, कुणी कन्नडमध्ये ‘ओंदु-एरडु’. क्रम तोंडात बसला की नकळत शिकणं संपलं. चौकोन कोरेच ठेवा आणि याला वेगाची चाचणी म्हणा. वीज जाईल या धास्तीने लॅपटॉप बॅटरीवर चालवत असाल तर बॅटरी वाचवण्याची सोय बंद करा आणि ब्लूटूथ कीबोर्ड टाळा. दोन्हींमुळे वेळेच्या नोंदी कमीजास्त होतात.

शेवटी, आणि शेवटीच, विचारा: काही लक्षात आलं का? मग सांगा की क्रम होता, आणि आठवेल तसा तो १२ बटणं दाबून दाखवायला लावा. सलग चार-पाच जागा बरोबर दाखवणाऱ्यांची आकडेवारी वेगळ्या तक्त्यात ठेवा.