गावच्या विहिरींना टेप लावायचा, त्याची रीत

मी सातारा जिल्ह्यातल्या माण तालुक्यात, एका गावात अंगणवाडी सेविका आहे. लेकरांची वजनं घ्यायची आणि रजिस्टरला चढवायची, हे माझं कायमचं काम. लेकरू नुसतं बघून "बरं दिसतंय" म्हणून चालत नाही, काट्यावर ठेवावंच लागतं. गावच्या पाण्याकडे मात्र आम्ही वर्षानुवर्षं नुसत्या डोळ्यांनी बघत होतो.

२०१६ ते २०१९ ही वॉटर कपची, म्हणजे पानी फाउंडेशनने गावागावांत लावलेल्या पाणी अडवायच्या स्पर्धेची वर्षं. आमच्या भागात माणसं पहाटे उठून टिकाव-फावडी घेऊन डोंगरावर जायची. मीही पाट्या उचलल्यात, समतल चर खोदलेत. पाणी अडलं, विहिरींना दिसायला लागलं, आणि दिसलं तशी उसाची लागण वाढली. मग पुन्हा उन्हाळ्याच्या तोंडाला टँकरची भाषा सुरू. अडवलं किती आणि उपसलं किती, हे कुणीच कुठे लिहून ठेवलेलं नव्हतं. ते लिहायला एक टेप, एक वही आणि एक जोडीदार एवढंच लागतं. मी सुरू केलं तेव्हा माझ्याकडे पद नव्हतं, पैसा नव्हता. तुम्हीही याच महिन्यात सुरू करू शकता, म्हणून जसं केलं तसं सांगते.

आधी विहिरी निवडा. सगळ्या मोजायच्या मागे लागू नका, आठ-दहा पुरेत. पण त्या पसरलेल्या हव्यात: एक-दोन माथ्याच्या, दोन-तीन मधल्या शिवारातल्या, दोन ओढ्याकाठच्या. गावाला पिण्याचं पाणी देणारी विहीर त्यात पाहिजेच. आणि दर वर्षी सगळ्यात आधी तळ दाखवणारी विहीरही घ्या. पुढचं संकट ती लवकर सांगते.

मालकाला घरी जाऊन विचारा. रस्त्यात गाठून नाही, घरी. "तात्या, महिन्यातनं एकदा तुमच्या विहिरीला टेप लावू का?" एवढंच. पहिल्या वर्षी माझ्याकडून एक चूक झाली. मी फलकावर आकड्यांपुढे मालकांची नावं लिहिली. दुसऱ्याच दिवशी एका घरातल्या काकी दारात आल्या आणि म्हणाल्या, "आमचं पाणी चव्हाट्यावर मांडलंस." त्यांचं बरोबर होतं. पाण्यावर सोयरिकी ठरतात, कर्ज मिळतं, भावकीत भांडणं लागतात. तेव्हापासून प्रत्येक विहिरीला नंबर दिला आणि तोच ऑइलपेंटने कठड्यावर रंगवला. फलकावर फक्त नंबर. कोणती विहीर कुणाची ते गावाला माहीत असतंच, पण लिहिलेलं नसलं की मान राहतो.

आता मोजणं. बांधकामवाले वापरतात तो ३० मीटरचा फायबरचा टेप घ्या. टोकाला वजन म्हणून मी जुनं लोखंडी कुलूप बांधलंय. कुलूप शून्याच्या खाली लोंबत असेल तर ती लांबी शेवटी मिळवायची, हे वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा. कठड्यावर एका जागी रंगाची खूण करा आणि दर वेळी तिथूनच टेप सोडा. कुलूप पाण्याला लागलं की "डुबुक" आवाज येतो. तिथे थांबायचं, हलकं वर घ्यायचं, पाण्याला जेमतेम टेकेल असं धरायचं आणि खुणेवरचा आकडा वाचायचा. त्यातून कठड्याची उंची वजा केली की जमिनीपासून पाणी किती खोल आहे ते कळतं. एकाने वाचायचं, दुसऱ्याने मोठ्याने म्हणून लिहायचं. कठडा नसलेल्या विहिरीवर एकट्याने जायचं नाही आणि लहान मुलांना मुळीच न्यायचं नाही, याला माझ्याकडे सूट नाही.

वेळ फार महत्त्वाची. पहिल्या महिन्यात मी अंगणवाडी सुटल्यावर, दुपारी मोजलं. एका विहिरीवर मोटर चालू होती, तिथला आकडा शेजारच्या विहिरीपेक्षा दोन मीटर खाली आला. लगेच वाद: "हिला मोजता येत नाही." खरं म्हणजे मला वेळ कळली नव्हती. मोटरी ज्यावर चालतात ती थ्री फेज लाइट यायच्या आधी, रात्रभर विहीर निवांत राहिलेली असताना मोजायचं. लाइटचं वेळापत्रक बघूनच दिवस ठरवा. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा आपल्या निरीक्षण विहिरी वर्षातून चार वेळा मोजते: जानेवारी, मार्च, मे आणि ऑक्टोबर. दर महिन्याला जमत नसेल तर निदान हे चार महिने चुकवू नका.

पाऊस मोजायला सरळ उभ्या भिंतींची, सपाट बुडाची काचेची बरणी चालते. झाड आणि भिंत यांपासून लांब, उघड्यावर ठेवा. रोज सकाळी साडेआठला फूटपट्टी लावून पाणी मिलिमीटरमध्ये वाचा आणि बरणी रिकामी करा. हवामान खात्याचीही नोंदीची वेळ हीच आहे.

हिशेब दोनच सूत्रांचा आहे. एक हेक्टरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे १०,००० लिटर पाणी. आणि गोल विहिरीत पाणी किती, तर त्रिज्या गुणिले त्रिज्या गुणिले ३.१४ गुणिले पाण्याची उंची (विहिरीच्या पूर्ण खोलीतून पाण्यापर्यंतचं अंतर वजा केलं की ती मिळते). सहा मीटर व्यासाच्या विहिरीत चार मीटर पाणी असेल तर ते ११३ घनमीटर, म्हणजे १ लाख १३ हजार लिटर.

समजा शिवार १,००० हेक्टरचं आहे आणि पाऊस ४०० मिलिमीटर झाला. पडलेलं पाणी ४०० कोटी लिटर! आकडा ऐकून सगळे खूश होतात. पण त्यातलं बरंचसं वाफ होऊन जातं, ओढ्याने खाली जातं, खरिपाची पिकं पितात. आपल्याखाली काळा खडक. पाणी साठतं ते वरच्या मुरमाच्या थरात आणि खडकाच्या भेगांत. आपल्या वाट्याला काय राहिलं ते शेवटी विहिरीतच दिसतं. म्हणून टेप.

आता खर्चाची बाजू. माणशी रोज ५५ लिटर धरले तर १,५०० वस्तीच्या गावाला वर्षाला साधारण ३ कोटी लिटर लागतात. उसाला हंगामभर सुमारे २,००० मिलिमीटर पाणी धरलं, तर एका हेक्टरला २ कोटी लिटर. म्हणजे अख्ख्या गावाचं वर्षभराचं पिण्या-वापरण्याचं पाणी पावणेचार एकर ऊस पितो. हा आकडा मी पहिल्यांदा मांडला तेव्हा तीन वेळा गुणाकार करून बघितला. रब्बीची ज्वारी मुख्यतः जमिनीच्या ओलीवर येते, तिला एखाददुसरं पाणी दिलं तरी भागतं. मी ऊसवाल्यांना दोष देत नाही. पैसा त्यात आहे म्हणून माणूस लावतो. पण लावताना हा आकडा त्याला माहीत असावा.

फलक कुठे लावायचा? मी आधी ग्रामपंचायतीच्या भिंतीवर लावला, कुणी वाचेना. मग दूध डेअरीच्या भिंतीवर हलवला. तिथे घरटी एक माणूस सकाळ-संध्याकाळ किटली घेऊन रांगेत उभा असतो. विहिरीचा नंबर, या महिन्याची पातळी, मागच्या वर्षी याच महिन्याची पातळी, तीनच रकाने. तिसरा रकाना सोडू नका, लोक तोच वाचतात.

मग ग्रामसभा. ऑक्टोबरचं मोजमाप झालं की रब्बीच्या पेरणीआधी विषय मांडा. सभेची नोटीस सात दिवस आधी निघते, त्यामुळे त्याच्याही आधी ग्रामपंचायत अधिकाऱ्यांना (पूर्वीचे ग्रामसेवक) लेखी पत्र द्या, "पाण्याचा ताळेबंद हा विषय घ्यावा" असं लिहून, आणि दुसऱ्या प्रतीवर पोच घ्या. सभेला १५ टक्के किंवा १०० मतदार, यांतली कमी असेल ती संख्या लागते. ग्रामसभेआधी महिला सभा असते, तिथे हा विषय आधी बोला. हंडा ज्यांच्या डोक्यावर असतो त्या बायांना हिशेब पटकन कळतो, आणि दुसऱ्या दिवशी त्याच उठून प्रश्न विचारतात. अहिल्यानगर (पूर्वीच्या नगर) जिल्ह्यातल्या हिवरे बाजार गावाने पोपटराव पवारांच्या पुढाकाराने असा ताळेबंद दर वर्षी मांडायची सवय लावली. तिथे पाऊस बघून पिकं ठरतात, शेतीसाठी बोअर घेत नाहीत. सभेत हे उदाहरण सांगा, पण आकडे आपल्याच विहिरींचे ठेवा.

आमच्याकडे पहिल्या वर्षी ठराव झाला तो एवढाच: पिण्याच्या विहिरीची पातळी गावाने ठरवलेल्या खुणेखाली गेली की शेजारच्या तीन मोटरी दिवसाआड चालवायच्या. ऊस बंद करा असं मी म्हटलं नाही, म्हटलं असतं तर टेपच विहिरीत गेला असता. दोन घरांनी ऊस ठेवला, तिघांनी त्या रानात ज्वारी-हरभरा केला. त्या तिघांपैकी एक आबा आता महिनाअखेरीला माझ्याआधी विहिरीवर येऊन बसलेले असतात. चष्मा नसल्यामुळे त्यांना टेप वाचता येत नाही, पण "डुबुक" झालं की हात वर करतात.

मेचं मोजमाप मात्र टाळू नका. ऊन असतं, लग्नं असतात, आणि विहिरीत बघवत नाही. पण तेव्हाच तळ दिसतो आणि विहिरीची पूर्ण खोली एकदाची मोजून घेता येते. ती वहीच्या पहिल्या पानावर नंबरापुढे लिहा. पुढचे सगळे हिशेब त्यावरच करायचे असतात.