मोठं माणूस गेल्यावर त्याची आठवण नीट कशी ठेवायची

कुणी नामवंत गेलं की तासाभरात सगळीकडे एकच फोटो फिरायला लागतो, खाली 'भावपूर्ण श्रद्धांजली' नाहीतर 'एका युगाचा अंत', आणि दोन दिवसांनी सगळं शांत. लिहिणाऱ्यांची भावना खरीच असते, पण त्या माणसाने नेमकं काय केलं हे वाचणाऱ्याला शेवटपर्यंत कळत नाही, आणि मला याचं मनापासून वाईट वाटतं. म्हणून मी कसं लिहितो ते सांगतो.

आधी बातमी खरी आहे का ते बघा. घरच्यांचं किंवा ते जिथे काम करायचे त्या संस्थेचं निवेदन आलंय का शोधा, नसेल तर थांबा. उशीर झाला तर काही बिघडत नाही, पण जिवंत माणसाला श्रद्धांजली वाहिली तर त्याच्या घरच्यांवर काय प्रसंग येतो विचार करा.

मग पुरस्कारांची यादी बाजूला ठेवा आणि एकच प्रश्न विचारा, की यांनी केलेलं काय आजही वापरात आहे? उदाहरण म्हणून डॉ. दिलीप महालनोबिस घ्या. १९७१ साली बांगलादेश युद्धाच्या वेळी पश्चिम बंगालमधल्या बनगावच्या निर्वासित छावणीत कॉलरा पसरला, सलाईन संपत आलं, लोक जमिनीवर पडून मरत होते, तेव्हा त्यांनी मीठ, ग्लुकोज आणि खायचा सोडा पाण्यात मिसळून ते पेशंटच्या नातेवाइकांकडूनच पाजायला सुरुवात केली आणि मृत्यूचं प्रमाण साधारण ३० टक्क्यांवरून ४ टक्क्यांच्या खाली आलं. आज जगभर जुलाब झालेल्या पोरांना ओआरएस देतात त्यामागे हे काम आहे. ते १६ ऑक्टोबर २०२२ ला गेले, पद्मविभूषण जाहीर झालं २०२३ मध्ये, म्हणजे गेल्यानंतर. बघा, जागा कुठली, अडचण काय होती, यांनी काय केलं आणि त्याने काय बदललं, एवढं सांगितलं की विशेषणं लागतच नाहीत.

पण इथेच एक गोष्ट सांभाळा, श्रेय एकट्याला देऊन टाकू नका. तोंडाने द्रावण पाजून कॉलऱ्याचा पेशंट वाचतो हे १९६८ मध्ये ढाक्यात डेव्हिड नॅलिन आणि रिचर्ड कॅश या डॉक्टरांनी दाखवलं होतं (कॅश २०२४ मध्ये गेले, किती जणांनी आठवण काढली?). जॉन गुडइनफ २०२३ मध्ये गेले तेव्हाही तसंच, लिथियम-आयन बॅटरीचे जनक म्हणून सगळीकडे त्यांचंच नाव, पण २०१९ चं नोबेल त्यांना स्टॅनली व्हिटिंगहॅम आणि अकिरा योशिनो यांच्यासोबत मिळालं होतं. सोबतच्यांची नावं घेतली की गेलेल्याचं काम उलट जास्त समजतं.

न पटणाऱ्या किंवा न टिकलेल्या गोष्टीही लिहा. खगोलशास्त्रज्ञ जयंत नारळीकर २० मे २०२५ ला गेले. विश्वाची सुरुवात एका महास्फोटातून झाली हा सिद्धांत त्यांना कधी पटला नाही, ब्रिटिश खगोलशास्त्रज्ञ फ्रेड हॉइल यांच्यासोबत त्यांनी वेगळी मांडणी केली आणि बहुतेक शास्त्रज्ञांनी ती स्वीकारली नाही. हे गाळलंत तर सगळे एकीकडे असताना स्वतःच्या विचारावर ठाम राहून आयुष्यभर काम करणारा माणूसच तुमच्या लेखातून निघून जातो. त्यांनी उभारलेली आयुका ही पुण्यातली खगोलशास्त्राची संस्था आणि त्यांच्या मराठीतल्या विज्ञानकथा आहेतच, त्याही लिहा. आणि गेलेल्या माणसामुळे कुणाला खरंच त्रास झाला असेल तर त्या लोकांना 'आज तरी गप्प बसा' असं सांगू नका प्लीज.

सुविचार टाकायचा मोह होतोच, पण फोटोवर छापलेलं वाक्य त्यांचंच असेल याची काही गॅरंटी नसते. त्यांच्या स्वतःच्या लेखात, पुस्तकात किंवा मुलाखतीच्या व्हिडिओत सापडलं तरच घ्या, नाहीतर सोडा.

खरं काम मात्र पोस्टनंतर सुरू होतं. त्यांचं मूळ काहीतरी वाचा, ऐका, बघा, त्यांच्याबद्दलचं नाही तर त्यांनी केलेलं. जेन गुडॉल ऑक्टोबर २०२५ मध्ये गेल्या, १९६० मध्ये टांझानियातल्या गोम्बेच्या जंगलात त्यांनी चिंपांझी गवताच्या काडीने वारुळातून वाळवी काढून खाताना बघितला, आणि अवजार फक्त माणूसच बनवून वापरतो ही समजूत मोडली. हे घरातल्या एखाद्या मुलाला सांगून बघा, पुढचे प्रश्न तोच विचारेल. गोम्बेतला तो अभ्यास अजून चालू आहे, अशा चालू कामाला जमेल तशी मदत करता येते.

आणि मराठी विकिपीडियावर त्यांचं पान उघडून बघा. बऱ्याचदा जन्म, मृत्यू आणि पुरस्कार एवढंच असतं, कामाबद्दल दोन ओळी. एक परिच्छेद तुम्ही लिहा, साध्या भाषेत, प्रत्येक माहितीला संदर्भ जोडून, म्हणजे पाच वर्षांनी शाळेतल्या कुणी ते नाव शोधलं तर त्याला तारखांपलीकडे काहीतरी मिळेल.