छोट्या संस्थेत नव्याने रुजू होताय? नियोजन आणि नेतृत्वाबद्दल थोडं

छोट्या सामाजिक संस्थेत प्रत्येक जण दोघा-तिघांचं काम करत असतो. त्यामुळे 'तीन वर्षांचं नियोजन करायला वेळ कुणाला आहे?' हा प्रश्न नव्या माणसाला हमखास पडतो. माझं मत उलट आहे. माणसं कमी असतात तिथेच नियोजन जास्त लागतं, कारण न पेलणारा एक प्रकल्प घेतला की अख्खी संस्था वर्षभर त्याच्याच मागे धावते.

मी मुलांच्या वाचनावर काम करणाऱ्या संस्थेत होते. एका देणगीदाराने संगणक प्रशिक्षणासाठी भरघोस निधी देऊ केला. बैठकीत आम्ही कोऱ्या कागदावर एवढंच लिहिलं: शिकवणार कोण? यंत्रं बिघडली तर दुरुस्तीचा खर्च कुठून? सध्याच्या कुठल्या कामातून माणूस काढायचा? निधी संपल्यावर मुलांना काय सांगायचं? शिवाय भाडं, हिशेबनीस, ऑडिट यासाठी त्या निधीतून काहीच वापरता येणार नव्हतं. आम्ही नकार कळवला आणि कारणंही सविस्तर लिहिली. मला वाटतं, योजनेचा खरा उपयोग हाच: काय करणार नाही, हे संस्थेला ठामपणे सांगता यावं.

प्रस्ताव लिहिताना 'लॉगफ्रेम' नावाचा तक्ता भेटेल. 1969 च्या सुमारास अमेरिकेच्या यूएसएड या मदतसंस्थेसाठी तो तयार झाला आणि पुढे जगभर पसरला. उद्दिष्ट, निर्देशक (प्रगती कशावरून मोजायची ते), पडताळणीचं साधन आणि गृहीतकं (ज्या गोष्टी होतीलच असं आपण धरून चालतो त्या) असे त्याचे रकाने. नवे लोक निर्देशकांवर रात्री जागवतात आणि गृहीतकांचा रकाना शेवटी घाईत भरतात. मी तो आधी वाचते. 'शिक्षक आठवड्यातून एक तास देतील' असं तिथे लिहिलं असेल, तर शिक्षकांना कुणी विचारलंय का? योजना बहुतेक वेळा अशाच एखाद्या ओळीवर अडकते. आणि 'दोनशे पुस्तकं वाटली' हे झालं आपलं काम. मूल न अडखळता वाचू लागलं का, हा परिणाम. अहवालात दोन्ही वेगवेगळं लिहा.

राखीव निधीबद्दल थोडक्यात: तीन ते सहा महिन्यांचा खर्च बाजूला असावा, असं साधारणपणे मानतात. एका महिन्याचा जमला तरी सुरुवात करा.

आता नेतृत्व. बऱ्याच छोट्या संस्था संस्थापकाच्या जिद्दीवर उभ्या असतात, त्या जिद्दीबद्दल मला मनापासून आदर आहे. पण देणगीदारांची ओळख, बँकेचे व्यवहार, जुने करार सगळं एकाच डोक्यात असेल, तर ती व्यक्ती महिनाभर आजारी पडली तरी पगार अडकतात. म्हणून ज्याच्या हाती संस्था आहे त्याने कामासोबत निर्णयही वाटून द्यावेत. कुणाला न विचारता किती खर्च करता येतो, स्वयंसेवक कोण निवडणार, देणगीदाराशी कोण बोलणार, हे लेखी असावं. विश्वस्तांनी पैसा, दिशा आणि प्रमुखाची नेमणूक यांवर लक्ष ठेवावं, रोजच्या कामात हात घालू नये.

रुजू झाल्यावर मागच्या वर्षाची इतिवृत्तं मागून घ्या. प्रत्येक ठरावापुढे जबाबदार व्यक्तीचं नाव आणि तारीख आहे का, बघा. नसेल, तर पुढच्या बैठकीचं इतिवृत्त तुम्हीच लिहायला घ्या आणि हे दोन रकाने घाला. दर तीन महिन्यांनी तोच कागद समोर ठेवून योजनेचा आढावा घेता येतो, वेगळा अहवाल लागत नाही.