करवंटीचा कोळसा, नायट्रोजन आणि सीओटू: लॅपटॉपवर मेटल-फ्री कॅटॅलिस्ट कसा तपासायचा

रत्नागिरी-सिंधुदुर्गातल्या एमएस्सीच्या मुलांना माझं सांगणं एवढंच, की विजेच्या मदतीने सीओटूपासून (कार्बन डायऑक्साइड) सीओ (कार्बन मोनॉक्साइड) बनवणारा धातूशिवायचा कॅटॅलिस्ट डिझाइन करायला मोठी लॅब लागत नाही, चांगल्या लॅपटॉपवर सुरुवात होते. आपल्याकडे करवंट्या ढिगाने पडतात, त्यांच्या कोळशात युरिया घालून तापवलं की नायट्रोजन शिरतो, पण तो कुठल्या जागी बसला तर काम करेल हे आधी कम्प्युटरवर बघता येतं आणि खरी मजा तिथेच आहे.

ऑर्का टाका, रेणूंची एनर्जी आणि आकार काढणारा हा प्रोग्राम शिक्षणासाठी फुकट आहे. आधी नुसता सीओटू ऑप्टिमाइझ करा (म्हणजे सगळ्यात कमी एनर्जीचा आकार शोधा), रेणू सरळ आणि सी-ओ अंतर 1.16 अँगस्ट्रॉमच्या आसपास यायला हवं, नाही आलं तर पुढे जाऊच नका. मग कोळशाच्या थराच्या जागी कोरोनीन घ्या, 24 कार्बन 12 हायड्रोजन, सुरुवातीला बास झालं.

आता नायट्रोजन, इथे घाई नको. कडेचा सी-एच काढून एन ठेवला (पिरिडिनिक) तर इलेक्ट्रॉन 156 चे 156 च राहतात, आतला कार्बन बदलला (ग्राफिटिक) तर 157 होतात, म्हणजे एक इलेक्ट्रॉन एकटा उरतो, म्हणून मल्टिप्लिसिटी (एकट्या इलेक्ट्रॉनांची संख्या अधिक एक) 1 ऐवजी 2 द्यायची. सीओटूला एक हायड्रोजन मिळून कॅटॅलिस्टवर बसणारा सीओओएच ही सीओकडे जाणारी पहिली पायरी, तो वर चिकटवला की बरोबर उलटं, पिरिडिनिकला 2 आणि ग्राफिटिकला 1. जुळलं नाही की ऑर्का एरर देऊन थांबतो, तेव्हा वैतागून चार्ज बदलून पुढे रेटू नका, तो रेणूच वेगळा होतो. सीओओएच एनवर आणि शेजारच्या कार्बनवर, दोन्हीकडे लावून बघा.

पावसात लाइट जातेच, तेव्हा शेवटची एक्सवायझेड फाइल (अणूंच्या जागांची) घ्या आणि तिथून पुढे चालवा.

मग फ्रिक्वेन्सी, म्हणजे रेणूच्या कंपनांचं गणित, एकही निगेटिव्ह नको, नाहीतर आकार अजून स्थिर नाही. नुसत्या एनर्जीवर निष्कर्ष काढू नका, कारण 298 केल्विनला सीओटू वायूचा एन्ट्रॉपीचा वाटाच (तापमान गुणिले एन्ट्रॉपी) 0.66 इलेक्ट्रॉनव्होल्टचा आहे. सीओओएचवाल्याच्या गिब्ज एनर्जीमधून (एन्ट्रॉपी धरून काढलेली एनर्जी) मोकळा कॅटॅलिस्ट, सीओटू आणि अर्धा एचटू वजा करा (नॉर्स्कोव यांची 2004 ची पद्धत), ऑर्का उत्तर हार्ट्रीत देतो, ते इलेक्ट्रॉनव्होल्टमध्ये आणायला 27.2114 ने गुणा. उत्तर 0.6 आलं तर या पायरीला इलेक्ट्रोडवर साधारण उणे 0.6 व्होल्ट (हायड्रोजन इलेक्ट्रोडच्या तुलनेत) लागणार.

तेवढ्यावर खूश होऊ नका. त्याच जागी नुसता हायड्रोजन बसवून तेच गणित करा, तो जास्त सहज चिकटत असेल तर पाण्यात सीओऐवजी बहुतेक हायड्रोजनच निघेल, मग एनची जागा बदलायची आणि परत सुरुवात.