फॉरमॅटआधी डिस्क कोरी करताना

देवगडात माझ्याकडे येणारे बहुतेक पीसी आंबा बागायतदारांचे. पेट्यांचा हिशेब, गिऱ्हाइकांचे नंबर, सगळं डेस्कटॉपवर! म्हणून आधी बाहेरच्या डिस्कवर कॉपी घ्या, त्यातल्या दोनचार फायली दुसऱ्या मशीनवर उघडून बघा. मग ती डिस्क काढून ठेवा. जोडलेली राहिली तर पुढे येणाऱ्या डिस्कच्या यादीत तीही दिसते आणि चुकून तीच पुसली जाईल.

विंडोज टाकायच्या पेनड्राइव्हवरून मशीन सुरू (बूट) करून पहिल्याच स्क्रीनवर शिफ्ट आणि एफ१० दाबा. काळी खिडकी उघडेल. तिथे इंग्रजीत 'डिस्कपार्ट' टाइप करा, मग 'लिस्ट डिस्क'. क्रमांकापेक्षा साइज बघा. ५०० जीबीची डिस्क तिथे ४६५ दिसते. 'सिलेक्ट डिस्क' आणि तिचा क्रमांक, मग 'क्लीन'.

हे क्षणात होतं, कारण पुसली जाते ती फक्त पार्टिशनची, म्हणजे डिस्कच्या भागांची, नोंद. फायली सॉफ्टवेअरने परत काढता येतात. मशीन विकायचं असेल तर 'क्लीन ऑल' द्या, प्रत्येक सेक्टरवर, म्हणजे डिस्कच्या प्रत्येक छोट्या तुकड्यावर, शून्य लिहिलं जातं. मोठ्या हार्डडिस्कला तासन् तास लागतात आणि पावसात आमच्याकडे लाइटचा काय भरवसा, तेव्हा यूपीएस हवाच. एसएसडीला (चिपवाल्या डिस्कला) मात्र हे नको. तिच्यासाठी बायोसमधलं (मशीन सुरू होताना उघडणाऱ्या सेटिंगमधलं) किंवा कंपनीच्या सॉफ्टवेअरमधलं सिक्युअर इरेज वापरा.

मशीन यूईएफआयवालं (जुन्या बायोसच्या जागी आलेल्या नव्या पद्धतीचं) असेल तर 'कन्व्हर्ट जीपीटी' करून, म्हणजे पार्टिशनच्या नोंदीची नवी पद्धत लावून, बाहेर या. मग विंडोजच्या सेटअपमध्ये सी ड्राइव्हला १५० जीबी द्या, उरलेली डीला. सेटअप स्वतःहून छोटी पार्टिशनं बनवतो. ती उडवू नका, मशीन त्यांच्यावरच सुरू होतं.